ठिपके आणि ताळा

धनत्रयोदशीची संध्याकाळ. आमची कन्या अंगणात रांगोळीचे ठिपके मांडत होती आणि मी आरामखुर्चीत जमाखर्चाची वही चाळत बसलो होतो. चाळीस वर्षं हिशेबनिसाची नोकरी केली. ताळा जमला नाही, की मला अजून झोप येत नाही. कन्या मात्र 'आंशिक अवकल समीकरणं' सोडवते. एवढं नाव घेतानाच माझी कवळी सैल होते!

"ही समीकरणं असतात तरी कसली गं?" मी सहज विचारलं.

तिनं रांगोळीकडे बोट केलं. "हवा क्षणाक्षणाला आणि जागोजागी बदलते, बाबा. ते गणित नेमकं सुटत नाही. मग असे ठिपके मांडायचे आणि प्रत्येकाचा पुढचा आकडा शेजारच्या ठिपक्यांवरून काढायचा. वेळेचं पाऊल मात्र बेतानं टाकायचं. एका पावलात लाट शेजारचा ठिपका ओलांडून गेली, की आकडे उधळलेच! कुरांट, फ्रीड्रिक्स आणि लेवी या तिघांनी १९२८ सालीच हे सांगून ठेवलंय."

मग तिनं रिचर्डसनची गोष्ट सांगितली. हा इंग्रज शास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींची गाडी चालवी. तिथं त्यानं २० मे १९१० या दिवसाच्या हवेचं गणित हातानं करून पाहिलं. उत्तर आलं, सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारनं चढेल. प्रत्यक्षात दाब जवळजवळ हललाही नव्हता!

"कागद फाडून टाकले असतील बिचाऱ्यानं!"

"छे! १९२२ साली पुस्तकात ते उत्तर जसंच्या तसं छापलं. म्हणून तर पुढच्यांना चूक शोधता आली. रीत खोटी नव्हती. सुरुवातीचे वारा-दाबाचे आकडेच एकमेकांशी जुळत नव्हते. १९५० साली समीकरणं सोपी करून एनियाक यंत्रावर हवेचे अंदाज काढले, ते याच वाटेनं."

ती थोडी थांबली. "बाबा, माझ्या प्रबंधातला एक तक्ता चुकलाय. सरांना तो पसंत आहे. कुणाच्या ध्यानातही येणार नाही."

मी वही मिटली. नोकरीत एकदा सात रुपयांची तूट काही केल्या सापडेना. शेवटी खिशातले सात रुपये घालून मी ताळा जमवला होता. ती तूट कुठली, हे मला आजही ठाऊक नाही. घरात कुणाला हे सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी तिला सांगितलं.

ती काही बोलली नाही. हात धुऊन आत गेली आणि तिनं सरांना फोन लावला.

"सणासुदीचं कसलं बोलणं चाललंय एवढं?" स्वयंपाकघरातून चकल्यांच्या वासाबरोबर प्रश्न आला.

"ताळा जमतोय," मी म्हणालो.

प्रबंध दोन महिने लांबला. त्या रात्री मात्र आम्हा दोघांनाही स्वस्थ झोप लागली.