आपल्याच घराची नक्कल

अमेरिकेत घर घेतलं की नव्या पत्त्यावर टपालाचा पाऊस सुरू होतो. त्यात एक पाकीट हमखास सरकारी वाटणारं. आत मालकाचं नाव, पार्सल नंबर, खरेदीची तारीख, चौरस फुटांचा आकडा, सगळं बिनचूक. खाली उत्तराची मुदत आणि रक्कम: नव्वद-शंभर डॉलर. बदल्यात तुमच्या डीडची, म्हणजे खरेदीखताची, नक्कल. काउंटीच्या रेकॉर्डर कार्यालयात ती थोडक्या डॉलरांत मिळते, शिवाय नोंदणी झालेलं मूळ डीड सहसा टपालाने मालकाकडे येतंच.

पैसे भरले तर नक्कल खरोखर येते, म्हणून याला सरळ चोरी म्हणता येत नाही. ‘आम्ही सरकारी कार्यालय नाही’ हेही पत्रात असतं. सरकारी भासणाऱ्या पत्रांवर तसं ठळक छापायला कायदा लावतो. कुणाचे हेलपाटे वाचवून कुणी शंभर डॉलर घेतले तर माझी हरकत नाही. संताप येतो तो सोंगाचा. दुकानदाराने दुकानदारासारखं यावं, मामलेदाराची टोपी घालून कशाला?

पत्त्यासाठी या पत्रं पाठवणाऱ्यांना फारशी खटपटही करावी लागत नाही. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने 1640 मध्येच जमिनीचे व्यवहार नोंदवायचा नियम केला, एकच जमीन दोघांना विकली जाऊ नये म्हणून. नोंदवही सर्वांना खुली, म्हणून खरेदीदार सुरक्षित. आणि खुली असल्यामुळेच ताज्या घरमालकांची यादी यांना आयती मिळते.

आपल्या लोकांवर हे पत्र जरा जास्तच चालत असावं, असा माझा संशय आहे. खरेदीखत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणाऱ्या घरांत आम्ही वाढलो. तिकडे भारतात मूळ दस्त हरवला तर पोलिसांत तक्रार, पेपरात जाहीर नोटीस, आणि कर्ज देताना बँकेचे शंभर प्रश्न. त्यामुळे ‘तुमच्याकडे डीडची प्रत आहे का?’ एवढं विचारलं तरी पोटात गोळा येतो. इथे कागद हरवला तरी मालकी जात नाही, काउंटीची नोंद शाबूत असते. हे डोक्याला पटतं, पोटाला पटत नाही. एव्हाना गावचा डिजिटल सातबारासुद्धा पंधरा रुपयांत निघतो, तरी पोट जुनंच.

खरी भीती वेगळी आहे: खोटी सही करून कुणी आपलं घर परस्पर दुसऱ्याच्या नावावर नोंदवण्याची. त्यावर जुनी नक्कल काय कामाची! आपल्या नावाने काही नोंदलं गेलं की ईमेलने कळवायची सोय बऱ्याच काउंट्या फुकट देतात. त्यासाठी काउंटीच्या संकेतस्थळावर नाव नोंदवावं लागतं. आमच्या ओळखीतल्या बहुतेकांनी ते अजून केलेलं नाही.