महाडच्या वाटेवर

डिसेंबरात फजरची नमाज अदा करून आम्ही वाईहून निघालो. महाडला जोहरनंतर खालाच्या मुलीचा निकाह होता.

पसरणीच्या घाटातच आमची जुनी मारुती ८०० मिसिंग मारू लागली. तीनच सिलिंडर, एक रुसला की सगळी गाडी थरथरते. प्लग खराब असेल, म्हणून तशीच रेटली. पाचगणीपुढे दाट धुकं लागलं, काच आतून धूसर झाली. हीटर लावला तर थंडगार हवा! अम्मीनं आपली शाल मुलांवर घातली.

वेण्णा तलावाजवळ एक मिस्त्री भेटले. त्यांनी इंजिन निवू दिलं, मगच रेडिएटरचं झाकण उघडलं. पाणी बरंच खाली गेलेलं. हीटर म्हणजे वेगळी शेगडी नव्हे. इंजिनातलं गरम पाणीच डॅशबोर्डमागून फिरतं. ते घटलं की हीटर गार पडतो. मग त्यांनी प्लग काढले. दोन तपकिरी, तिसरा ओला आणि धुतल्यासारखा लख्ख.

"हेड गॅस्केट गेलंय. पाणी या सिलिंडरमध्ये उतरतंय. सकाळी पांढरा धूर येत असेल?"

येत होता. आम्ही त्याला थंडीची वाफ समजत होतो, आणि दर आठवड्याला निमूट पाणी भरत होतो.

"पाणी भरून घाट उतराल, चाचा. पण तापली तर हेडच वाकेल. आणि सोबत लेकरं आहेत."

गाडी तिथंच ठेवली, महाबळेश्वर गाठून एस.टी. धरली. आंबेनळी घाटात प्रतापगडाकडे ऊन दिसलं, तेव्हा मुलं झोपलेली होती.

पोहोचलो तोवर खुतबा संपला होता. छुहारे मात्र मिळाले.