पंखाचे कान

पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलने निघालात की तळेगाव, वडगाव मागे पडतं आणि कामशेत येतं. भाताची खाचरं, पलीकडे डोंगर, आणि पावसाळा नसेल तर आकाशात तरंगणारे रंगीबेरंगी पंख. तीच पॅराग्लायडर!

२०२३ च्या एप्रिलमध्ये बेडशाची लेणी पाहून परतताना आम्ही दोघी-तिघी शिक्षिका मुद्दाम त्या टेकडीवर चढलो. (दम लागला, ते सांगत नाही.) कापडाचा पंख, त्याला बारीक दोऱ्या, खाली बसायची झोळी. इंजिन नाहीच. तरी माणूस तासन्‌तास वर राहतो. कसा? अगदी घारीसारखा. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर चढते. तिच्यात गोल गोल फिरायचं, की फुकटात वर!

पण मला प्रश्न पडला तो उलटाच. पवनेच्या बाजूला ढग फुगू लागले होते आणि एक निळा पंख अजून उंच होता. घाईने खाली यायचं तर काय करायचं?

मी विचारलं, तसे तिथले प्रशिक्षक हसले. "बाई, कान ओढायचे!"

"कुणाचे?" मी दचकलेच. आता शाळेतसुद्धा कान ओढत नाहीत हो!

"पंखाचे," ते म्हणाले. पंखाच्या पुढच्या कडेच्या दोऱ्यांपैकी दोन्ही टोकांच्या दोऱ्या ओढल्या की टोकं खाली दुमडतात. लोंबत्या कानांसारखी दिसतात, म्हणून 'मोठे कान'. पंख लहान झाला, तोलून धरणारं कापड कमी झालं. एरवी सेकंदाला साधारण एक मीटर खाली येणारा पंख मग दोन-तीन मीटर येतो, आणि पुढेही सरकत राहतो. वळायचं ते अंग एका बाजूला झुकवून. दोऱ्या सोडल्या की कान पुन्हा उघडतात.

दुसरी युक्ती म्हणजे दोऱ्यांची दुसरी रांग दोन्ही हातांनी सारखी खाली खेचायची. पंखाला आडवी घडी पडते, पुढे जाणं थांबतं आणि तो छत्रीसारखा खाली येतो. ही मात्र जमिनीपासून भरपूर उंचावर असतानाच करायची.

तिसरी युक्ती सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात अवघड. एकाच बाजूला झुकून, ब्रेक ओढून भोवऱ्यासारखं गरगर फिरत उतरायचं. सेकंदाला दहा-पंधरा मीटर! पण त्या फिरण्यात शरीर तिप्पट-चौपट जड होतं. तुमचं वजन तीस किलो असेल तर नव्वदच्या पुढे वाटेल. डोक्याकडचं रक्त पायांकडे उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, शुद्धही हरपू शकते. थांबतानाही झटक्यात थांबायचं नाही, हळूहळू फिरणं कमी करायचं.

"मग ढग आला की भोवरा करायचा!" मी म्हटलं.

"गणित करा ना बाई. ढग सेकंदाला वीस मीटर वर ओढतोय आणि तुम्ही पंधरा मीटर उतरताय. मग?"

मी वजाबाकी केली. पाच मीटर वरच!

हे नुसतं गणित नाही. फेब्रुवारी २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मनिला गावाजवळ जर्मनीची एव्हा विश्निएर्स्का वादळी ढगात ओढली गेली. तिने गरगर फिरून उतरायचा प्रयत्न केला, तरी ती वरच चालली. ९,९४६ मीटर! एव्हरेस्टहूनही उंच. बेशुद्ध पडली, अंगावर बर्फ साचलं. अर्ध्या तासाहून अधिक काळाने शुद्धीवर आली आणि सुमारे साठ किलोमीटर दूर उतरली. त्याच वादळात सापडलेले चीनचे हे झोंगपिन मात्र वाचले नाहीत.

"म्हणून ढग फुगायच्या आधीच त्याच्याखालून बाजूला निघायचं, हवा जिथे खाली येते तिकडे. कान ओढायचे ते त्या वाटेवर," प्रशिक्षक म्हणाले आणि वॉकीटॉकीवर त्या निळ्या पंखाशी बोलले. तो ढगाकडे पाठ करून वळला. दोन्ही टोकं दुमडली. खरंच, सशाचे लोंबते कान! बघता बघता तो खालच्या खाचरात टेकला.

टेकडीवर एक विद्यार्थी झोळी बांधून तयार होता. "सर, एकच फेरी!"

"आज बंद."

बिचारा तोंड वाकडं करून पंख गुंडाळू लागला. आम्ही घाईघाईने स्टेशनवर पोचलो आणि वडापाव हातात पडतो न पडतो, तोच वळवाचा पाऊस कोसळला.