दलदलीतले वाटेकरी

16 सप्टेंबर, शनिवार
आज धनुष्याचा हंगाम उघडला. गणपती तीन दिवसांवर आलेत, घरात मखराचा पसारा, आणि मी पहाटे पाचला लोडाय मार्शच्या पार्किंगमध्ये. हिने रात्रीच सांगून ठेवलं होतं, दुपारी बाराच्या आत घरी.

विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या उत्तरेला अर्ध्या-पाऊण तासावर ही सरकारी शिकारीची जमीन आहे, हजार-बाराशे एकर. मधून स्प्रिंग क्रीक वाहतो, दोन्ही अंगांना डोक्याइतकी पाणकणसं आणि कडेला ओकची टेकाडं. तिकीट नाही, आरक्षण नाही. परवाना खिशात असला की कोणीही यावं. जमीन डेन आणि कोलंबिया या दोन काउंट्यांत पसरलेली. 1934 साली विस्कॉन्सिनने हरणासाठी निव्वळ धनुष्याचा हंगाम ठेवला, तो याच कोलंबियात आणि शेजारच्या सॉक काउंटीत. त्यामुळे इथल्या जुन्या धनुष्यवाल्यांचा सूर थोडा वतनदारी असतो. 2014 पासून सगळ्यांना क्रॉसबो वापरायची मुभा मिळाली, त्यावरून त्यांची अजून धुसफूस चालते. बंदूकवाल्यांवरचा राग वेगळाच.

आमच्या भागात सरकारी जमिनीवर झाडाला लावलेलं मचाण रोज उतरवून न्यावं लागतं. खांद्यावर वाहताना जीव जातो, तरी नियम मला आवडतो. झाडाच्या सातबाऱ्यावर कोणाचं नाव चढत नाही.

7 ऑक्टोबर, शनिवार
टेकाडाच्या पलीकडे एक म्हातारे ह्मोंग, म्हणजे मूळच्या आग्नेय आशियातल्या समाजातले, गृहस्थ आणि त्यांचा नातू खारींच्या मागावर होते. पानांवर अलगद पावलं टाकत दोघं माझ्या झाडापासून तीसेक पावलांवर आले. मी वरूनच मोठ्यानं 'गुड मॉर्निंग' म्हणालो. आजोबांनी आधी बंदुकीची नळी जमिनीकडे वळवली, मग वर पाहिलं, मग हसले. हरणावर बसलोय म्हटल्यावर नातवाला खुणेनं ओढ्याकडे घेऊन गेले.

आमच्या वर्णाचा माणूस इथे जंगलात शिरतो तेव्हा दोन गोष्टी त्याच्या डोक्यात असतात. 2004 च्या नोव्हेंबरात सॉयर काउंटीत खासगी जमिनीवरच्या मचाणावरून वाद झाला आणि एका ह्मोंग शिकाऱ्याच्या गोळ्यांनी सहा माणसं मेली. 2007 च्या जानेवारीत पेश्टिगो हार्बरच्या सरकारी जमिनीवर खारी मारायला आलेल्या एका ह्मोंग माणसाचा दुसऱ्या शिकाऱ्याने खून केला. पेश्टिगोची जमीन अशीच, सगळ्यांना मोकळी होती. म्हणून मी लपून बसायच्या कपड्यांतही आधी आवाज देतो. हरीण गेलं तर जाऊ दे.

14 ऑक्टोबर, शनिवार
सर्वपित्री अमावास्या. घरी खीर-वडे, आणि इकडे सकाळी नऊला फेजंटचा हंगाम सुरू. पार्किंगमध्ये गाडी लावायला जागा नाही. आठपासून लोक कुत्री घेऊन घड्याळाकडे बघत उभे.

हा पक्षी मूळचा आशियातला, आमच्यासारखाच इथे आणून वसवलेला. जवळच पॉयनेटला सरकारी पैदास केंद्र आहे. तिथे वाढवलेले हजारो फेजंट दर शरदात अशा सरकारी जमिनींवर सोडतात. पहिले दोन दिवस माणशी एकच नर मारता येतो, म्हणून सगळ्यांना नऊच्या ठोक्यालाच घुसायचं असतं.

मी अंधारापासून झाडावर. नऊ वाजून काही मिनिटांनी कुत्र्याच्या गळ्यातली घंटी ऐकू आली. तपकिरी-पांढरी, पाण्यानं निथळणारी एक कुत्री पाणकणसांतून बाहेर आली, माझ्या झाडाच्या बुंध्याशी आली आणि गोठली. पुढचा उजवा पाय छातीशी दुमडलेला, शेपटी ताठ, नाक एका गवताच्या पुंजक्याकडे. फक्त नाकपुड्या हलत होत्या. घंटी थांबल्याबरोबर मागून भडक नारिंगी टोपी आली. आता हा माणूस बंदूक उचलणार आणि पक्षी उडणार तो वर, म्हणजे माझ्याच दिशेला! मी ओरडलो, "झाडावर माणूस आहे!" नर खडखड पंख वाजवत उडाला, माझ्या बुटांच्या उंचीवरून गेला. त्या माणसानं बंदूक खांद्यालाही लावली नाही.

"सकाळपासून बसलायस?" त्यानं विचारलं.

"साडेपाचपासून."

"मग तुझा दिवस मी नासवला."

नासवला होताच. पण त्याचा पक्षीही माझ्यापायी गेला. सबंध हंगाम हाताशी असलेल्या धनुष्यवाल्यानं फेजंटच्या पहिल्याच दिवशी दलदलीच्या काठावर बसून शांततेची अपेक्षा करावी, हे काही खरं नाही. त्याला पाणकणसांत चालल्यावाचून गत्यंतर नाही. मला टेकाडावर दुसरं झाड होतं. आमच्यातले जे म्हणतात कुत्रेवाले 'आपल्या' जागेत घुसतात, त्यांनी परवान्याचा कागद उलटसुलट करून बघावा. त्यात 'आपली' जागा कुठे दिसते का?

24 ऑक्टोबर, मंगळवार
दसरा. घट बसल्यापासून धनुष्य कपाटात होतं, हा घरचा करार. आज पूजेत ठेवलं, लेकीच्या लॅपटॉपशेजारी. झेंडूचं एक फूल धनुष्याच्या कॅममध्ये, म्हणजे दोरीच्या चाकात, अडकलं ते चिमट्यानं काढलं.

संध्याकाळी आल्डो लिओपोल्ड वाचत होतो. वन्यजीव व्यवस्थापनाचा हा प्राध्यापक मॅडिसनचाच, आणि स्वतः हौशी तिरंदाज. 1931 मध्ये त्यानं डेन काउंटीतल्या रायली इथे शहरातले शिकारी आणि तिथले शेतकरी यांना एकत्र बांधलं. परक्यांची घुसखोरी थांबावी, पक्ष्यांना चारा आणि आडोसा मिळावा, आणि कोण कुठे शिकार करणार ते आपसात ठरावं. ती जमीन शेतकऱ्यांची होती, म्हणून कोण येणार ते ठरवता आलं. सरकारी जमिनीवर दार लावता येत नाही. बंदुका आणि काडतुसांवर केंद्राचा कर आहे, पुढे तो धनुष्यबाणांवरही आला, आणि 1937 च्या कायद्यानुसार त्या पैशातून राज्यांची वन्यजीवांची कामं चालतात. बदकवाल्याच्या काडतुसातून माझ्या हरणाची सोय होते, माझ्या बाणातून त्याच्या पाणथळीची. हे हिशेब पार्किंगमध्ये कोणी मांडत नाही.

4 नोव्हेंबर, शनिवार
माजाचे दिवस, नर हरणं दिवसाढवळ्या हिंडतात. पार्किंगमध्ये माझ्या आधी तिघं बदकवाले, छातीपर्यंत रबरी विजारी, प्लास्टिकच्या घसरगाडीवर नकली बदकांची पोती. मी नकाशा पुढे केला. ते ओढ्याच्या वळणावर, मी पूर्वेच्या टेकाडावर. दोन मिनिटांचं काम.

उजाडताच त्यांचे बार सुरू झाले. पूर्वी मी वैतागलो असतो. आज ओढ्याकडून बार आले तशी पाणकणसांत दडलेली हरणं उठून ओककडे सरकली, आणि साडेसातला एक मादी वीस पावलांवर आडवी उभी राहिली. बाण फासळ्यांतून गेला. साठ-सत्तर पावलं पळून ती पडली.

ओढत आणताना चिखलात गुडघा रुतला तेव्हा बदकवाल्यांतला एक जण न सांगता घसरगाडी रिकामी करून आला. मुंडकं तपासणीच्या पेटीत टाकलं. 2002 मध्ये या भागातल्या हरणांत झिजवणारा रोग सापडला, तेव्हापासून अहवाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये. दिवाळीच्या फराळानंतर खिमा करू म्हणते ही, बघू.

18 नोव्हेंबर, शनिवार
बंदुकीच्या हरीण हंगामाचा पहिला दिवस, हंगाम एकूण नऊ दिवसांचा. मी गेलो नाही. या दिवसांत धनुष्यवाल्यानंही कमरेच्या वरचे निदान अर्धे कपडे भडक नारिंगी घालायचे असा कायदा आहे, 2016 पासून भडक गुलाबीही चालतो. सूट फक्त बदकवाल्यांना. उजाडताच अंगणात उभा राहिलो तर लांबून धडाम धडाम.

दुपारी मराठी मंडळातल्या एका काकांचा फोन. उद्या ज्येष्ठांना घेऊन आइस एज ट्रेलवर, म्हणजे नेमकं लोडाय मार्शमधूनच, फिरायला निघाले होते. स्वेटर कुठल्या रंगाचे? म्हणे, खाकी आणि तपकिरी. मी म्हटलं, काका, आठ दिवस थांबा.

26 नोव्हेंबर, रविवार
बंदुकीचा हंगाम आज संपला.

एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी राज्यातल्या बहात्तरही काउंट्यांत शिकार-मासेमारीच्या नियमांवर सार्वजनिक सभा होते. कोणीही नागरिक ठराव मांडू शकतो, त्यावर लोक मत देतात. धनुष्यवाल्यांचा एक गट फेजंटवाल्यांना दुपारपर्यंत बंदी घालायचा ठराव आणणार म्हणे. मी विरोधात मत देणार. वेळा वाटून दिल्या की प्रत्येकाला आपली वेळ म्हणजे आपलं रान वाटू लागेल.

माझा ठराव साधा आहे: प्रत्येक पार्किंगमध्ये नकाशाचा फलक आणि खडू. आज कोण कुठे, कशासाठी, तेवढं लिहायचं. आणि मंडळाच्या पत्रकात दोन ओळी द्यायला सांगितल्यात: सप्टेंबर ते जानेवारी कुठल्याही सरकारी रानात फिरायला जाल तर आधी तिथे कोणता हंगाम चालू आहे ते बघा, आणि नारिंगी घालूनच उतरा. दुकानात दहा डॉलरांत जाकीट मिळतं.