शुक्रवारची रांग

घरच्या कार्यात कोणी ना कोणी विचारतंच, "तू कंपनीत नक्की काय करतेस गं?" सर्व्हर सांभाळते म्हटलं की आत्या मान डोलावते आणि विषय पुन्हा पोह्यांवर जातो. माझी निम्मी चुलत-मावस भावंडं याच धंद्यात आहेत, कोणी सुपर कॉरिडॉरवर, कोणी पुण्यात, कोणी बंगळुरूला. पण त्यांनाही माझं काम नीरस वाटतं. सगळं ठीक चाललं असेल तर दाखवण्यासारखं काहीच नसतं आणि बिघडलं की सगळे मलाच फोन करतात. तरी या अंकात ते सांगायचं ठरवलं आहे, आणि तेही राजवाड्याचा आधार घेऊन. गर्दी म्हणजे काय, हे इंदूरकराला वेगळं शिकवावं लागत नाही.

रस्ते आणि पूल बांधणारी एक मोठी कंपनी आमची ग्राहक आहे. त्यांची सगळी कामं एका प्रोजेक्ट सर्व्हरवर मांडलेली असतात. कुठला खांब कधी उभा राहणार, कुठल्या कामाआधी कुठलं काम संपायला हवं, कोणत्या साइटवर कोण किती तास होतं, सगळं तिथे. त्यातला तासांचा भाग महत्त्वाचा. दर शुक्रवारी संध्याकाळी प्रत्येक साइटवरून टाइमशीट येते, वरचा साहेब ती मंजूर करतो आणि त्या मंजुरीवरून ठेकेदाराकडच्या लोकांचा हिशेब निघतो. म्हणजे इंदुरातल्या एसी खोलीत बसून मी ज्या ग्राफकडे बघते, त्याच्या पलीकडच्या टोकाला शनिवारच्या पैशांची वाट बघणारी माणसं असतात. हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी कोणी सांगितलं नव्हतं. एका शनिवारी एका साइटच्या मुकादमाचा फोन चुकून थेट माझ्याकडे आला, तेव्हा कळलं. तो एवढंच म्हणाला, "मैडम, लेबर बैठी है, हिसाब निकलवा दो।" आवाजात राग नव्हता.

तक्रार जुनीच होती, शुक्रवारी सर्व्हर स्लो होतो. साइटवरचा माणूस बटण दाबतो, पडद्यावर चक्र फिरत राहतं, तो पुन्हा दाबतो, मग कंटाळून घरी जातो. ग्राहकाच्या आयटी विभागाचं उत्तर ठरलेलं असायचं. सीपीयूचा वापर सरासरी वीस टक्के आहे, मेमरी मोकळी आहे, सर्व्हर ठणठणीत आहे.

सरासरी खोटी नव्हती, पण काही कामाचीही नव्हती. राजवाड्यासमोरच्या चौकात वर्षभरात दिवसाला सरासरी किती माणसं येतात हे काढून कोणी रंगपंचमीच्या गेरची तयारी केली, तर काय होईल? आठवड्याचे एकशे अडुसष्ट तास आणि त्यातल्या शुक्रवारच्या दोन तासांत सगळा कल्लोळ. बाकीचे एकशे सहासष्ट तास त्या दोन तासांना सरासरीच्या पोटात गिळून टाकतात. मी पहिलं काम केलं ते एवढंच, की आठवड्याचा ग्राफ बाजूला ठेवला आणि शुक्रवारी पाच ते सातचा, मिनिटामिनिटाचा ग्राफ काढला. सहा वाजता रेषा छताला टेकलेली होती.

वापर शंभर टक्क्यांवर पोचेपर्यंत सगळं सुरळीत चालतं आणि मग एकदम अडतं, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. सराफ्यात रात्री एक जलेबीवाला उभा आहे असं समजा. एका गिऱ्हाइकाला त्याला सरासरी एक मिनिट लागतं, कधी कमी कधी जास्त, आणि गिऱ्हाइकं मनाला येईल तेव्हा येतात. तो निम्मा वेळ कामात असेल, तर तुम्हाला रांगेसकट सरासरी दोन मिनिटं लागतील. ऐंशी टक्के वेळ कामात असेल तर पाच मिनिटं. नव्वद टक्क्यांना दहा, पंचाण्णव टक्क्यांना वीस. जलेबी तीच, हात तेवढाच चपळ, पण नव्वदवरून पंचाण्णववर गेलं की वाट दुप्पट. हे गणित संगणकाच्या आधीचं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने फोनच्या गर्दीवरचा आपला पहिला लेख १९०९ मध्ये छापला, आणि आजही आम्ही त्याच वाटेने जातो. म्हणून "अजून दहा टक्के शिल्लक आहेत" असं कोणी निश्चिंतपणे म्हटलं की मला धडकी भरते.

ग्राहकाने यावर नेहमीचा उपाय केला, आणखी एक सर्व्हर घेतला. दोन झाले तर काम निम्म्या वेळात होईल, हा हिशेब. पुढच्या शुक्रवारी फरक जवळजवळ शून्य. हे समजायला पुन्हा राजवाड्याकडे जाऊ. रंगपंचमीला वेगवेगळ्या भागांतून गेर निघते, कोणी टोरी कॉर्नरकडून येतं, कोणी आणखी कुठून, आणि सगळ्या मिरवणुका शेवटी राजवाड्यापाशी जमतात. येणारे रस्ते तुम्ही हवे तेवढे मोकळे करा, चौक तेवढाच राहतो. उलट जास्त वाटांनी माणसं लवकर आत आली तर चौकात रेटारेटी वाढते. आमचा चौक म्हणजे डेटाबेस होता. दोन्ही सर्व्हर त्याच एका डेटाबेसच्या दारात उभे होते. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये हेच मांडलं होतं. कामाचा चौथा हिस्सा एकेकट्यानेच व्हायचा असेल, तर बाकीच्यासाठी हजार सर्व्हर लावले तरी एकूण वेग चौपटीच्या पुढे जात नाही. नवा सर्व्हर विकणारे हे गणित सहसा सांगत नाहीत.

दुसरा मार्ग म्हणजे आहे तेच यंत्र मोठं करणं. जास्त मेमरी, जास्त कोअर, वेगवान डिस्क. मजल्यावर मजला चढवण्यासारखं. राजवाड्याचेही सात मजले आहेत, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी. पण आठवा चढवायचा का, हे खालचा भार कोण पेलतंय ते बघूनच ठरवावं लागतं. (लाकडी मजल्यांना आगीने किती ग्रासलं ते १९८४ नंतर इंदूरमध्ये कोणाला सांगायला नको.) यंत्र मोठं करण्याला माझा विरोध नाही. डेटाबेसच्या बाबतीत कित्येकदा तोच सरळ उपाय असतो. पण आधी चौकात नक्की कोण अडून बसलंय ते तर बघू.

त्यासाठी आत डोकवावं लागलं. मायक्रोसॉफ्टच्या प्रोजेक्ट सर्व्हरसारख्या प्रणालीत तुम्ही बटण दाबलं की काम तिथल्या तिथे होत नाही. त्याची चिठ्ठी बनते आणि ती रांगेत लागते. मागे काही कामगार, म्हणजे थ्रेड, एकेक चिठ्ठी उचलून पुरी करतात. ही रचना मला आवडते, कारण गर्दी झाली तरी चिठ्ठी हरवत नाही. एकाच प्रोजेक्टच्या चिठ्ठ्या मात्र क्रमानेच व्हाव्या लागतात. आधीची एखादी फसली तर त्या प्रोजेक्टच्या मागच्या सगळ्या थांबतात. हेही बरोबरच आहे, नाहीतर हिशेबात घोळ होईल. पण कोणी बघतच नसेल तर एका फसलेल्या चिठ्ठीमागे अख्ख्या साइटची कामं रात्रभर उभी राहतात, आणि सीपीयू तेव्हा आरामात असतो. सीपीयूचा ग्राफ बघणाऱ्याला सगळं शांत दिसतं.

आम्हाला दोन गोष्टी सापडल्या. एक, अशाच फसलेल्या चिठ्ठ्या, ज्यांकडे महिनोन्महिने कोणी पाहिलं नव्हतं. दुसरी गोष्ट मोठी. शुक्रवारी बरोबर सहा वाजता वरिष्ठांसाठी साप्ताहिक रिपोर्ट तयार व्हायला लागायचा. तो रिपोर्ट सगळ्या प्रोजेक्टची सगळी माहिती वाचत बसायचा, आणि तो वाचत असताना टाइमशीट लिहिणारी कामं कुलपाबाहेर ताटकळत राहायची. सहा ही वेळ कोणी ठरवली, ते कोणालाच आठवत नव्हतं. रिपोर्ट उघडला जायचा सोमवारी सकाळी.

इथे सराफा मदतीला आला. गंमत म्हणून म्हणत नाही, बैठकीत मी खरोखरच हे उदाहरण दिलं. राजवाड्याच्या मागच्या त्या गल्लीत दिवसा सोन्या-चांदीची दुकानं चालतात. रात्री दुकानांची शटर पडली की त्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस, गराडू आणि जलेब्याच्या कढया लागतात आणि मध्यरात्र उलटली तरी गर्दी हटत नाही. जागा तीच, एक फूटसुद्धा वाढवलेली नाही. दोन बाजारांनी फक्त वेळ वाटून घेतली आहे. दोन्ही एकाच वेळी भरले तर ना दागिना विकला जाईल ना जलेबी. रिपोर्ट शनिवारी पहाटे दोनला हलवला. एक रुपया खर्च झाला नाही. त्या शुक्रवारी सातच्या आत रांग रिकामी झाली.

नवा सर्व्हर मग फुकट गेला का? नाही. तो आता दुसऱ्या कामाला लावला आहे, पण ते इथे सांगत बसत नाही.

त्यानंतर काय बघायचं, हे आम्ही नव्याने ठरवलं. सीपीयू, मेमरी, डिस्कला उत्तर द्यायला लागणारा वेळ, कुलपापाशी अडलेली कामं हे सगळं नोंदतोच. पण मला विचाराल तर सगळ्यात कामाचा आकडा एकच आहे, रांगेतली सगळ्यात जुनी चिठ्ठी किती वेळ ताटकळते आहे. रांगेत किती चिठ्ठ्या आहेत हा आकडा फसवतो. तीनशे असतील आणि भराभर निघत असतील तर काही बिघडत नाही, आणि तीनच असतील पण तासभर हलल्या नसतील तर नक्की बिघडलंय. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला साधा नियम इथे उपयोगी पडतो. रांगेतली सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले सरासरी थांबण्याचा वेळ. मिनिटाला वीस टाइमशीट येतात आणि रांगेत सतत साठ दिसतात, तर प्रत्येकाला सरासरी तीन मिनिटं लागत आहेत. साइटवर फोन करून विचारायचीसुद्धा गरज नाही. सगळ्यात जुनी चिठ्ठी पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबली की माझा फोन वाजतो, मग मी सराफ्यात असेन नाही तर सासरी.

तरुण मंडळींपैकी कोणी म्हणेल, ताई, आता क्लाउड आहे, गर्दी वाढली की सर्व्हर आपोआप वाढतात. वाढतात, पण गर्दी दिसल्यानंतर. नवा सर्व्हर उभा राहून कामाला लागायला काही मिनिटं जातातच, आणि डेटाबेस असा चुटकीसरशी वाढत नाही. जी गर्दी कॅलेंडरवर लिहिलेली आहे, तिच्यासाठी आधीच माणसं उभी करावीत. आपली महानगरपालिका गेर संपल्यावर झाडूवाले शोधायला निघत नाही. माणसं आणि यंत्रं तयारच असतात, मिरवणूक सरकली की मागून सफाई सुरू होते, आणि काही तासांत राजवाडा पुन्हा ओळखू येतो. आम्हीही शुक्रवारी चार ते आठ जास्त थ्रेड लावतो आणि आठनंतर कमी करतो. किती लावायचे ते अंदाजाने ठरवलं नाही. चाचणीच्या सर्व्हरवर खोट्या माणसांची खरी वाटेल अशी गर्दी करून बघितलं. एका मर्यादेनंतर थ्रेड वाढवले की वेळ कमी होण्याऐवजी वाढायला लागला, चौकातली रेटारेटी तीच. त्या मर्यादेच्या जरा अलीकडे थांबलो.

साइटवाल्यांनी दुपारीच टाइमशीट भरावी, अशी विनंतीही करून पाहिली. कोणी ऐकलं नाही. कामाचा दिवस संध्याकाळी संपतो, दुपारी कसा भरणार? त्यांचं बरोबरच होतं.

एवढं झाल्यावर शनिवारचे पैसे शनिवारी मिळायला हवे होते. बहुतेक साइटवर मिळायला लागले. काही साइटवर मात्र उशीर तसाच राहिला, आणि तिथले साहेब पूर्वीसारखंच सांगत होते की सर्व्हर स्लो आहे. आता आमच्याकडे प्रत्येक चिठ्ठीची वेळ होती. टाइमशीट आली शुक्रवारी सहा वाजून दहा मिनिटांनी, रांगेतून निघाली सहा बाराला, आणि मंजुरीचं बटण दाबलं गेलं सोमवारी अकराला. मधले अडीच दिवस कुठल्याही यंत्राचे नव्हते. हे दाखवायचं की नाही यावर आमच्या टीममध्ये बरीच चर्चा झाली. आपलं काम सर्व्हरपुरतं, ग्राहकाच्या माणसांच्या भानगडीत कशाला पडा, असं एक मत होतं. मला ते पटलं नाही. सर्व्हर स्लो आहे हे वाक्य इतकी वर्षं खरं होतं, म्हणूनच त्याच्या आड कोणीही उभं राहू शकत होतं. ते खरं राहिलं नाही, तर तेही सांगायला हवं.

शेवटी मधला मार्ग निघाला. कोणाचंही नाव न घालता एक छोटा तक्ता दर शनिवारी सकाळी दहा वाजता ग्राहकाच्या वरिष्ठांकडे आपोआप जातो. त्यात साइट, टाइमशीट आल्याची वेळ, सर्व्हरने काम संपवल्याची वेळ आणि मंजुरीची वेळ, एवढंच. सुरुवातीला सात-आठ साइटसमोर मंजुरीचा रकाना रिकामा असायचा. गेल्या महिन्यात दोनच होत्या, आणि त्यातल्या एकीवर नेटवर्कच नव्हतं, ती तक्रार आता टॉवरवाल्या कंपनीकडे गेली आहे. दुसरीचा रकाना अजून रिकामाच असतो.