मानेसरचा हिवाळा

स्कीइंग, म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याचा खेळ, औली वा गुलमर्गला शोभतो. हरियाणातील मानेसर या औद्योगिक नगरात बर्फ पडत नाही, परंतु भूकवचाला घड्या पडून उभा राहिलेला आणि युगानुयुगे झिजून बुटका झालेला अरवली पर्वत तेथे दाराशीच आहे, हे भाग्य थोडे नव्हे. जानेवारीतले दाट धुके विरल्यावर काटेरी झुडपांतून या टेकड्या चढणे, किंवा जवळच्या सुलतानपूरच्या पाणथळीवर, म्हणजे उथळ पाणी साचून राहणाऱ्या भूमीवर, हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस थंडीत कुडकुडत न्याहाळणे, हेच तेथील खरे साहस होय. सुलतानपूरला २०२१ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा मिळाला.