दादा, तुझ्या वावरातली अमेरिका

ती. दादास,


इतिहासात राजे असतात, आरमारं असतात, शेतकरी कुठे असतो, असं तू परवा फोनवर विचारलंस. तुझा तोडा चालू होता, क्रेट भरायचे होते, गाडी उभी होती. बोलणं तिथेच राहिलं. मी शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे हा प्रश्न सोडून देणं मला जमणार नाही. शिवाय त्याचं उत्तर द्यायला जुन्नर आणि आंबेगावइतकी चांगली जागा दुसरी नाही. पत्र तुला असलं तरी उघड लिहिते आहे, कारण हाच प्रश्न आपल्या दोन्ही तालुक्यांत अनेकांच्या मनात असेल.

तुझ्या वावरापासूनच सुरुवात करू. टोमॅटो, कडेला मिरची, जनावरांसाठी मका, खालच्या तुकड्यात भुईमूग, दसऱ्यासाठी झेंडू, विहिरीजवळ पेरू आणि पपई. वहिनीच्या माहेरी, सातगाव पठारावर, खरिपात जिकडे बघावं तिकडे बटाटा. यातलं एकही पीक सव्वापाचशे वर्षांपूर्वी आपल्याकडे नव्हतं. सगळी अमेरिका खंडातली. ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडं आळ्याला आली, रेड्याची समाधी तिथे झाली, असं आपण मानतो. त्या तेराव्या शतकात आळ्याच्या एकाही चुलीवर मिरची पडत नव्हती. तिखटाला मिरी होती, पिंपळी होती, आलं होतं. आईच्या मासवडीच्या रश्श्यातून लाल तिखट काढून टाक आणि मग काय उरतं ते मनाशी बघ.

ही पिकं रानात आयती सापडली असं कोणाला वाटत असेल, तर ते खरं नाही. रानटी टोमॅटो आजही इक्वेडोर आणि पेरूच्या बाजूला उगवतो; त्याचं फळ वाटाण्याएवढं असतं. ते मोठं, रसाळ आणि पातळ सालीचं झालं ते मेक्सिकोपर्यंतच्या शेतकऱ्यांच्या हातून. मक्याची गोष्ट तर याहून मोठी आहे. मेक्सिकोच्या नैऋत्येला बाल्सास नदीच्या खोऱ्यात तेओसिंते नावाचं गवत आहे. त्याच्या बोटभर कणसात पाच ते बारा दाणे, आणि प्रत्येक दाण्याला दगडासारखं कवच. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी तिथल्या माणसांनी त्यातली त्यात बरी झाडं निवडून त्यांचं बी पुढच्या पावसाला टाकायला सुरुवात केली. शेकडो पिढ्या हेच करत राहिल्या. आजचं मक्याचं कणीस माणसाने सोलून पेरल्याशिवाय स्वतःहून पसरूच शकत नाही, इतकं ते माणसाच्या हातचं आहे.

त्यांनी मका पिकवला तसा तो खायचा कसा हेही शोधलं. दाणे चुनकळीच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवायचे, मग वाटून भाकरी थापायची. त्याने मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपने मका नेला, पण ही रीत नेली नाही, आणि पुढे इटली-स्पेनमध्ये नुसत्या मक्यावर जगणारे गरीब पेलाग्रा या रोगाने खंगून मेले. पीक उचललं, ते करणाऱ्या बायांचं ज्ञान मागे टाकलं. मला हा सगळा इतिहास त्या एका गोष्टीत दिसतो.

आणि बटाटा. पेरू-बोलिव्हियाच्या सीमेवर तितिकाका सरोवर आहे, समुद्रसपाटीपासून ३,८०० मीटर उंच. आपला हरिश्चंद्रगड दीड हजाराच्याही आत आहे. रानटी बटाटा कडू आणि विषारी. सात-आठ हजार वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी तो माणसाळवला. कडू जातींसाठी त्यांनी चुन्यो करायची रीत बसवली: रात्रीच्या हिमात बटाटे गोठू द्यायचे, दिवसा पायाने तुडवून पाणी काढायचं, उन्हात वाळवायचे. असा बटाटा वर्षानुवर्षं टिकतो. मंचरकडे बटाट्याची आरण लावणाऱ्याला त्याची किंमत सांगायला नको. इंका राज्याने रस्त्यांच्या कडेने हजारो कोठारं बांधली आणि त्यांत मक्यासोबत हा चुन्यो भरून ठेवला. दुष्काळात ती उघडत. तीस हजार किलोमीटरहून लांब रस्ते त्यांनी केले, तेही चाकाच्या गाडीशिवाय. आणि लिपी नसताना दोरांच्या गाठींत हिशोब ठेवला.

आता काळाचा मेळ घालू. पेरूच्या किनाऱ्याजवळ काराल हे शहर इसवी सनापूर्वी २६०० च्या सुमाराला उभं होतं, म्हणजे हडप्पाच्या वेळचं. भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावणारी आपली घोडनदी खाली शिरूर तालुक्यात इनामगावला जाते. तिथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती मिळाली. सातू पिकवणारे लोक, पाण्याचा पाट, मुखियाच्या पाच खोल्यांच्या घराशेजारी धान्याचं कोठार. त्याच शतकांत मेक्सिकोच्या आखाताकाठी ओल्मेक लोक मक्याच्या जोरावर दगडाची प्रचंड मस्तकं घडवत होते. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

पुढे आपल्या नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख कोरला गेला. त्यात यज्ञांच्या दक्षिणा मोजल्या आहेत, आणि भारतातले फार जुने आकडे तिथल्या भिंतीवर आहेत. तो लेख सहसा इ. स. पूर्व पहिल्या शतकातला मानतात. त्याच शतकात, इ. स. पूर्व ३६ मध्ये, मेक्सिकोत चियापा दे कोर्सो इथे एका शिळेवर 'दीर्घगणना' या दिवस मोजण्याच्या पद्धतीतली तारीख कोरली गेली. पुढे माया लोकांनी हीच गणना शून्याच्या चिन्हासह चालवली. लेण्याद्रीला भिक्षूंसाठी डोंगर पोखरला जात होता त्या सुमाराला मेक्सिकोतल्या तेओतिवाकानमध्ये सूर्याचा पिरॅमिड उभा राहिला आणि ते शहर पुढे लाखभर वस्तीचं झालं. जुन्नरभोवती दोनशेहून जास्त लेणी आहेत. ती खोदणाऱ्यांना आणि पिरॅमिड रचणाऱ्यांना पोटभर धान्य कोणीतरी पिकवून देत होतं. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे आहे.

उरलेलं अर्धं समुद्राच्या वाटेने येतं. युरोपच्या माणसाला जुन्नर नवं नव्हतं. आपल्या लेण्यांतल्या लेखांत यवन, म्हणजे ग्रीक, दात्यांची नावं आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिली. कल्याण, सोपाऱ्याहून माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा, वरचा माल खाली जायचा. घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणात जकात टाकत, असं लोक सांगत आले आहेत. पुढे ही समुद्रावरची उलाढाल अरब आणि इराणी व्यापाऱ्यांच्या हाती गेली, आणि युरोपला मिरी मिळायची ती दहा हात फिरून, सोन्याच्या भावाने.

म्हणून १४७० च्या आसपास एक रशियन व्यापारी जुन्नरला येतो. अफनासी निकितिन, त्वेर गावचा. व्होल्गावर लुटारूंनी नागवला, कर्ज फेडायची सोय नव्हती म्हणून पुढेच निघाला. होर्मुझहून घोडा घेऊन तो चौलला उतरला, कारण बहमनी राज्यात घोड्याला भाव होता. पालीवरून घाट चढून तो जुन्नरला पोचला आणि पावसाळ्यात इथे अडकला. इथला सुभेदार असदखान याने त्याचा घोडा हिसकावला आणि अट घातली: धर्म बदल, म्हणजे घोडा देईन आणि वर हजार मोहरा, चार दिवसांची मुदत. घर हजारो कोस लांब, ओळखीचं कोणी नाही. महंमद नावाच्या एका खुरासानी ख्वाजाने खानाकडे रदबदली केली आणि निकितिनचा धर्म आणि घोडा दोन्ही वाचले. तो पुढे बिदरला गेला आणि परतताना घरी पोचण्याआधीच वारला. त्याची वही मात्र राहिली. रेवदंड्याला आज त्याचं स्मारक आहे. जुन्नरमध्ये मात्र त्याचं नाव फार थोड्यांना माहीत असेल, याचं मला वाईट वाटतं.

त्या वहीत, दादा, जुन्नरचा शेतकरी आहे. चार महिने रात्रंदिवस पाऊस आणि जिकडेतिकडे चिखल, असं तो लिहितो. आणि या दिवसांत लोक नांगरतात, गहू, भात, कडधान्य पेरतात, असंही लिहितो. कोलंबस निघण्याच्या वीसेक वर्षं आधी, वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला लागण्याच्याही आधी, युरोपातल्या एका माणसाने आपल्या पूर्वजांना चिखलात पेरताना बघून ठेवलं. इकडे मिरी आणि रंग स्वस्त आहेत, पण जकात भारी आणि समुद्रावर चाचे फार, हेही त्याने नोंदवलं. ही अडचण टाळून थेट इथे यायचं म्हणूनच ती जहाजं निघाली.

कोलंबस पश्चिमेने निघाला तोही इथे यायलाच. १२ ऑक्टोबर १४९२ ला तो बहामातल्या एका बेटावर लागला आणि १५०६ मध्ये मरेपर्यंत आपण आशियातच पोचलो असं मानत राहिला. मिरी शोधायला आलेल्या त्या माणसाला तिथे मिरची मिळाली, आणि ती मिरीपेक्षा सरस आहे असं त्याने जानेवारी १४९३ मध्ये आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं. मिरची, मका, तंबाखू जहाजांवर चढले. पोर्तुगीजांच्या गोवा-चौलसारख्या बंदरांत उतरून ही पिकं घाट चढली. बटाटा आणि टोमॅटो आपल्याकडे रुजायला मात्र इंग्रजी अमदानी यावी लागली, आणि कुकडीची धरणं झाल्यावर तुझ्यासारख्यांनी त्यांना आजचं रूप दिलं.

ज्यांनी ही पिकं घडवली त्यांचं काय झालं, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १५२० मध्ये स्पॅनिश लोकांबरोबर आलेली देवीच्या रोगाची साथ मेक्सिकोत पसरली. अ‍ॅझ्टेकांचा राजा क्विट्लावाक तिनेच गेला. १३ ऑगस्ट १५२१ ला त्यांची राजधानी तेनोच्तित्लान पडली. १६ नोव्हेंबर १५३२ ला पेरूतल्या काहामार्कामध्ये पिसारो या स्पॅनिश सेनानीने इंका राजा आतावाल्पाला दग्याने धरलं, खोलीभर सोनं खंडणी म्हणून घेतलं आणि पुढच्या वर्षी तरीही मारलं. १५६२ मध्ये मानी गावात दिएगो दे लांदा या पाद्र्याने माया लोकांच्या पोथ्या जाळल्या; आज त्या लिपीतल्या फक्त चार उरल्या आहेत. रोग, वेठबिगार आणि कत्तली यांत शंभरेक वर्षांत मूळ लोकांतले दहातले आठ-नऊ गेले, असा अनेक अभ्यासकांचा अंदाज आहे. 'कोलंबसाने अमेरिका शोधली' ही ओळ मी वर्गात तशीच कधी शिकवत नाही. जिथे नऊ हजार वर्षं मका निवडला जात होता, तिथे शोधायचं काय राहिलं होतं?

त्यांचं देणं अजूनही चालू आहे, आणि ते तुझ्याच वाफ्यात आहे. तू व्हायरसला टिकणारं वाण मागतोस. पानं आकसणाऱ्या त्या रोगाला दाद न देणारा जो गुण अनेक संकरित वाणांत घातला आहे, तो चिली-पेरूच्या कोरड्या डोंगरउतारावरच्या रानटी टोमॅटोतून आणलेला आहे. बटाट्याच्या करप्याशी झुंजणारे काही गुण मेक्सिकोतल्या रानटी बटाट्यातले. १८४५ पासून आयर्लंडात याच करप्याने दहा लाखांच्या आसपास माणसं दुष्काळात गेली, कारण तिथे जवळपास एकाच जातीच्या बटाट्यावर गरिबाचं पोट होतं. पेरू-बोलिव्हियाकडच्या अँडीज पर्वतातला शेतकरी एका तुकड्यात अनेक जाती लावतो. एक गेली तर दुसरी हाती लागते. लिमा इथल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राने अशा चार हजारांहून जास्त देशी जातींचं बी जपलं आहे. सातगाव पठारावर पंजाबचं बियाणं येतं, एकदोन जाती सगळीकडे लागतात. वहिनीच्या भावांना हे आवर्जून सांग. यात मला धोका दिसतो.

तेव्हा दादा, शेतकरी इतिहासात कुठे असतो, तर पायात असतो. नाव कोरलेलं नसतं. नागनिकेचं नाव आपल्याला माहीत आहे, कोलंबसाचं आहे, पिसारोचं आहे. पहिल्यांदा मोठं फळ बघून त्याचं बी फडक्यात बांधून ठेवणाऱ्या बाईचं नाव नाही, आणि माझ्या मते तिचं काम त्या तिघांच्या कामापेक्षा मोठं आहे. २०२३ च्या जुलैत नारायणगावला क्रेट दोन हजारांवर गेला तेव्हा सगळा देश टोमॅटोबद्दल बोलत होता. तो भाव उतरल्यावरही बोलण्यासारखं एवढं आहे.

एक मागणं आहे, तुझ्याकडे आणि हे पत्र वाचणाऱ्या आपल्याकडच्या सगळ्या मास्तर-बाईंकडे. शाळांच्या सहली शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट करून परततात. यापुढे ती बस तासभर नारायणगावच्या टोमॅटो बाजारातही थांबवा. घाटात नागनिकेचा लेख आणि निकितिनची गोष्ट सांगा, आणि बाजारात मेक्सिको-पेरूच्या शेतकऱ्यांची. त्या तासाला मुलांसमोर उभं राहायला मास्तरांबरोबर एखादा शेतकरी हवा. आमच्या शाळेची सहल येईल तेव्हा तू ये.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण